कानातलं पाणी आणि नाकातली ॲलर्जी: हे पहिल्यांदाच ऐकणाऱ्या आईबाबांसाठी

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मुलाच्या कानात बघून "पडद्यामागे पाणी आहे" असं सांगितलं आणि त्याच चिठ्ठीवर ॲलर्जीचं सिरप नि नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला, की घरी येईपर्यंत डोक्यात एक समीकरण पक्कं होतं: ॲलर्जीमुळे पाणी झालं, ॲलर्जी गेली की पाणी जाईल. प्रकरण इतकं सरळ नाही. दोघांची ओळख आहे, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. म्हणून नाकाचा हिशोब वेगळा ठेवायचा आणि कानाचा वेगळा. तो कसा ठेवायचा, ते क्रमाने बघू.

आधी हे पाणी कुठलं?

आंघोळीचं नाही, पोहण्याच्या तलावातलंही नाही. बाहेरून गेलेलं पाणी पडद्यापाशी अडतं आणि डोकं कलतं केलं की निघून येतं. डॉक्टर बोलतायत ते पाणी पडद्याच्या आतल्या बाजूला, मधल्या कानात असतं आणि ते शरीरानेच तयार केलेलं असतं. मधला कान म्हणजे हवेने भरलेली छोटी पोकळी. आवाजाने पडदा हलतो, त्याला जोडलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं हलतात आणि कंप आतल्या कानात जातात. पोकळीत हवा असेल तरच हे सगळं मोकळेपणी हलतं.

ही हवा येते एका नळीतून. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात तिचं तोंड उघडतं. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीररचनातज्ज्ञावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते हिच्यामुळेच. नळी बराच काळ उघडली नाही तर पोकळीतली हवा शोषली जाते, दाब उतरतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरायला लागतो. सुरुवातीला पातळ, दिवस गेले की घट्ट आणि चिकट. डॉक्टरांच्या तोंडी मग 'ग्लू इअर' हा शब्द येतो.

मुलांनाच हे जास्त का? तान्ह्या बाळाची नळी साधारण १८ मिलिमीटर लांब असते, मोठ्यांची सुमारे ३५. मोठ्यांमध्ये ती ४५ अंशांच्या उतारावर असते, बाळांमध्ये जेमतेम १० अंशांच्या, म्हणजे जवळजवळ आडवीच. ती उघडणाऱ्या स्नायूलाही अजून पुरता जोर आलेला नसतो. शाळेत जायचं वय होईपर्यंत दहातल्या नऊ मुलांच्या कानात कधी ना कधी असं पाणी होऊन गेलेलं असतं. दुखत नाही, ताप येत नाही, त्यामुळे बहुतेक घरांत ते कळतही नाही.

यात ॲलर्जीचा हात किती?

नाकाच्या ॲलर्जीत नाकाचं अस्तर सुजतं. नळीचं तोंड त्याच अस्तरात उघडतं, त्यामुळे तेही सुजतं. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ आधीच मोठी असेल तर उरलीसुरली जागाही भरते. शिवाय मधल्या कानाचं अस्तर नाकाच्याच अस्तराचा पुढचा भाग आहे. काही मुलांच्या कानातून काढलेल्या द्रवात ॲलर्जीच्या पेशी आणि रसायनंही सापडलेली आहेत. इथवर सगळं जुळतं.

पण १९८० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात मुद्दाम परागकण सोडून पाहिले, तेव्हा नळी बंद पडली, मात्र मधल्या कानात पाणी काही भरलं नाही. एकट्या ॲलर्जीला सहसा एवढं जमत नाही, बरोबर दुसरं काहीतरी लागतं. दुसरी गोष्ट वयाची. कानातल्या पाण्याचा जोर सहा महिने ते चार वर्षं या वयात असतो. धूळ-परागकणांची नाकाची ॲलर्जी दोन वर्षांखाली फारशी दिसत नाही, ती पुढे शाळेच्या वयात वाढते. म्हणून दीड वर्षाच्या बाळाच्या कानात पाणी असेल तर ॲलर्जीच्या मागे लागण्याआधी पाळणाघर, घरातली शाळकरी भावंडं आणि त्यांच्याकडून येणाऱ्या सर्द्या यांच्याकडे बघा. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचंच आहे. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, बाळ आडवं झोपून बाटलीने दूध पीत असेल, तर तीही कारणं आहेत. उलट सहा-सात वर्षांच्या मुलाचं पाणी हटत नसेल, तर ॲडेनॉइड आणि ॲलर्जी दोन्हींचा विचार जास्त गांभीर्याने करायला हवा.

पायरी १: पाणी आहे हे कागदावर घ्या

नुसतं "पाणी वाटतंय" यावर थांबू नका. टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी असते. कानाच्या तोंडाशी रबराचं मऊ टोक लावतात, हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो हे यंत्र मोजतं. दुखत नाही. मूल रडलं नाही तर एका कानाला काही सेकंद लागतात. छोटा आलेख छापून येतो, तो स्वतः बघायला शिका, फार अवघड नाही.

आलेखात शून्याच्या आसपास टोक असलेला उंचवटा दिसला की तो 'टाइप ए', पडदा ठीक हलतोय. टोक डावीकडे, उणे १०० च्याही पलीकडे सरकलं असेल तर 'टाइप सी', म्हणजे आतला दाब उतरलाय, नळी नीट उघडत नाही. सर्दीत हे बऱ्याचदा दिसतं आणि आपोआप सुधारतं. रेघ सपाट असेल, उंचवटाच नसेल, तर 'टाइप बी'. आता त्याच कागदावर कानाच्या पोकळीचं आकारमान मिलिलिटरमध्ये लिहिलेलं असतं, तेही बघा. लहान मुलात ते साधारण अर्धा ते एक मिलिलिटर असतं. रेघ सपाट आणि आकारमान नेहमीचं, तर पडद्यामागे पाणी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सपाट रेघ आणि आकारमान फारच कमी आलं, तर मळ आडवा आलाय किंवा टोक कानाच्या भिंतीला टेकलंय, तपासणी पुन्हा करायला सांगा. आकारमान बरंच मोठं आलं, तर पडद्याला भोक असू शकतं. हा कागद फाइलला लावा, तीन महिन्यांनी तुलना करायला हाच उपयोगी पडेल.

पायरी २: तारीख लिहून ठेवा

पाणी केव्हापासून आहे हे नक्की माहीत असेल तर ती तारीख, नाहीतर निदान झाल्याची तारीख. तीन महिन्यांचा हिशोब तिथून सुरू होतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेची २०२३ ची तत्त्वं, दोन्हींचं सांगणं एकच: बाकी धोका नसलेल्या मुलात तीन महिने थांबा, लक्ष ठेवा, मग पुन्हा तपासा. कान ठणकून झालेल्या जंतुसंसर्गानंतर उरलेलं पाणी तीन महिन्यांत चारातल्या तीन किंवा त्याहून जास्त मुलांचं ओसरतं.

काही मुलांच्या बाबतीत मात्र थांबायचं नाही. टाळू दुभंगलेला असणं, डाउन सिंड्रोम, आधीपासूनचा कायमचा श्रवणदोष, स्वमग्नता, बोलणं उशिरा येणं, दृष्टी अधू असणं, यातलं काहीही असेल तर ऐकण्याची तपासणी लगेच करून घ्या.

या थांबण्याच्या काळाचा पालकांना सगळ्यात जास्त त्रास होतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, "डॉक्टरने काहीच दिलं नाही?" न देणं हाही इथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, हे त्यांना एकदा शांतपणे सांगून टाका.

पायरी ३: सर्दी आहे की ॲलर्जी, हे ओळखा

सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. कधी बारीक ताप असतो, शेंबूड घट्ट-पिवळा होतो, घरात आणखी कुणालातरी झालेली असते. ॲलर्जीत ताप नसतो. सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा, पाण्यासारखं नाक, नाक-डोळे-टाळू खाजणं, हे आठवडेच्या आठवडे चालतं किंवा दरवर्षी त्याच दिवसांत परत येतं. मूल तळहाताने नाक खालून वर चोळत राहतं. या सवयीने नाकाच्या शेंड्याच्या थोडं वर आडवी बारीक रेघ उमटते, उजेडात बघा. डोळ्यांखाली काळसर, रात्री तोंड उघडं टाकून झोप, घोरणं. घरात कुणाला दमा किंवा सतत शिंकांचा त्रास, मुलाला स्वतःला इसब, तर शक्यता आणखी वाढते.

सगळं जुळत असेल आणि औषध देऊनही त्रास टिकून असेल, तर त्वचेवरची प्रिक टेस्ट करता येते. हातावर थेंब ठेवून सुईचं टोक हलकंसं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते बघतात. सिट्रिझिनसारखी ॲलर्जीची औषधं त्याआधी साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवावी लागतात, कधीपासून ते डॉक्टरांना विचारून घ्या. शंभर-दीडशे पदार्थांची लांबलचक यादी देणाऱ्या रक्ताच्या तपासण्यांपासून मात्र लांब राहा. आयजीजी प्रकारची तपासणी तर ॲलर्जी सांगतच नाही, तो पदार्थ मुलाच्या खाण्यात आलेला आहे एवढंच सांगते. अशा यादीवर विसंबून गहू, दूध, अंडं, शेंगदाणा एकदम बंद केलेली मुलं मग वजनाने मागे पडतात.

पायरी ४: नाकाचा उपचार नाकासाठी करा

ॲलर्जी खरोखर असेल तर तिचा उपचार झालाच पाहिजे. मुलाला झोप लागते, शाळेत डोळे चोळत बसावं लागत नाही, एवढा फायदा पुरेसा आहे. त्याने कानातलं पाणी आटेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. ब्रिटनमध्ये कानात पाणी असलेल्या ४ ते ११ वर्षांच्या २१७ मुलांवर मोमेटासोन या नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेची चाचणी झाली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. स्प्रेचा गट खोट्या स्प्रेच्या गटापेक्षा पुढे गेला नाही. तोंडावाटे स्टेरॉइडची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, ३८९ मुलं होती. पाच आठवड्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ४० टक्के मुलांचं ऐकणं ठीक होतं, न घेतलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचं, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका छोटा. ॲलर्जीच्या गोळ्या-सिरप आणि नाक मोकळं करणारी औषधं यांचाही कानातल्या पाण्यावर उपयोग दिसलेला नाही. म्हणून वरच्या दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांत पाण्यासाठी ही औषधं देऊ नका, असं स्पष्ट म्हटलंय. प्रतिजैविकंही नकोत.

नाकाच्या ॲलर्जीसाठी स्टेरॉइडचा स्प्रे हे चांगलं औषध आहे. स्टेरॉइड शब्दाने दचकू नका, नाकात मारलेलं फार थोडं रक्तात उतरतं. मोमेटासोन दोन वर्षांपासून पुढे वापरतात. पण निम्म्या घरांत स्प्रे चुकीचा मारला जातो, म्हणून सविस्तर सांगते. आधी नाक शिंकरून घ्या, शेंबूड साचलेला असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालून मग शिंकरा. बाटली हलवा. मुलाने मान वर करायची नाही, किंचित पुढे वाकवायची, पायाच्या अंगठ्याकडे बघितल्यासारखी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला रोखा. एकदा दाबा, मुलाने हळूच श्वास घ्यावा. जोरात सुर्रकन ओढला तर औषध थेट घशात जातं आणि कडू चव लागली की दुसऱ्या दिवशी मूल हात लावू देत नाही. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर नाकातून रक्त येतं. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून "काही फरक नाही" म्हणत बंद करणं हा सगळ्यात जास्त वेळा होणारा घोटाळा.

औषधांबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही दिवसांपलीकडे चालू ठेवले की नाक उलट जास्त चोंदायला लागतं. लहान मुलांना ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालूच नका. दुसरी, सर्दीच्या सिरपांत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असतात. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं. घरातल्या बाटल्या आज काढून वाचा. तिसरी, माँटेल्युकास्ट. आपल्याकडे ते लिव्होसिट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधाबरोबर सरसकट दिलं जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा लावला: चिडचिड, वाईट स्वप्नं, मनःस्थितीतले बदल. नुसत्या शिंकांसाठी ते खरंच हवं आहे का, हे विचारा. दम्यासाठी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पायरी ५: घर थोडं बदला

आपल्या हवेत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धुळीतले माइट. डोळ्यांना दिसत नाहीत, गादी-उशीत राहतात आणि दमट हवेत फोफावतात. मुंबई-कोकणातला पावसाळा त्यांच्यासाठी पर्वणीच. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ५५-६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. गादी-उशीला घट्ट विणीचं, चेन लावायचं कव्हर घाला. कापसाची जुनी गादी, आजीची गोधडी यांत माइट मनसोक्त असतात. गोधडी फेकायची नाही, वारंवार गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. धुता न येणारी मऊ खेळणी पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग झटका.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं सामान काढताना मूल घरात नको. केर काढताना झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसलं तर धूळ उडत नाही. भिंतीला ओल आली असेल तर बुरशी, स्वयंपाकघरात झुरळं, ही दोन्ही ॲलर्जीची ओळखीची कारणं आहेत. धुराचं सांगायलाच हवं: सिगारेट तर नकोच, बाल्कनीत ओढलेलीही कपड्यांना चिकटून आत येते. डासांची कॉइल आणि बंद खोलीतला धूप-उदबत्तीचा धूरही टाळा. ॲलर्जी करणाऱ्या गाजरगवताची पहिली नोंद आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यातून झाली आणि आता ते देशभर आहे. सोसायटीच्या मागे माजलं असेल तर फुलं येण्याआधी काढून टाका, हातमोजे घालून.

जे करायचं नाही

कानात कोमट तेल, लसणीचं तेल, कांद्याचा रस. पाणी पडद्याच्या आत आहे, तेल पडद्याच्या बाहेर राहणार, मग ते पोहोचणार कसं? आणि पडद्याला भोक असेल तर ते आत जाऊन इजा करेल. कापसाच्या काड्या आणि जळती कानमेणबत्ती हे प्रकारही नकोत.

दूध बंद करणं हा दुसरा हुकमी उपाय. "दुधाने कफ होतो" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या बाळाला अंगावर गांधी, उलट्या, शौचात रक्त अशी वेगळी लक्षणं असतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हाताळायची. ती नसतील तर कानातल्या पाण्यासाठी दूध, दही, केळं तोडायला काहीही आधार नाही.

पायरी ६: या तीन महिन्यांत मुलाला ऐकू येऊ द्या

पाण्यामुळे सरासरी २५ डेसिबलच्या आसपास ऐकणं कमी होतं. स्वतःच्या दोन्ही कानांत बोटं घालून घरातलं बोलणं ऐका, तसं. ओरडलेलं कळतं, हळू बोललेलं निसटतं, वर्गातल्या गोंगाटात तर निम्मंच पोहोचतं. 'पाट' आणि 'पाठ' यातला फरक हवेतच विरतो. आवाज देऊनही वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतो, दर वाक्याला "काय?" विचारतो, बाई म्हणतात लक्ष नसतं. आगाऊपणा समजून या मुलांना खूप रागावलं जातं, आणि माझ्या मते पाण्यापेक्षा हे रागावणं जास्त नुकसान करतं.

दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. जवळ जा, मुलाने तोंडाकडे बघितल्यावर बोला. टीव्ही आणि मिक्सर बंद करून बोला. वर्गशिक्षकांना दोन ओळींची चिठ्ठी द्या: दोन्ही कानांत पाणी आहे, ऐकणं तात्पुरतं कमी आहे, पुढच्या बाकावर बसवावं. गोष्टी वाचून दाखवणं या काळात वाढवा. पाणी कमी-जास्त होत असतं, त्यामुळे एखाद्या दिवशी सगळं ऐकू आलं म्हणून "नाटक करतो" असा शिक्का मारू नका.

चार वर्षांपुढचं मूल असेल तर नाकाने फुगवायच्या फुग्याबद्दल विचारा. एक नाकपुडी बंद करून दुसरीने नळीला लावलेला खास फुगा फुगवायचा, दिवसातून तीनदा. त्याने युस्टेशियन नळी उघडायला मदत होते. ब्रिटनमध्ये ३२० मुलांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी फुगा वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या मुलांचा आलेख सुधारला, न वापरणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचा. चमत्कार नाही, पण गोळ्या-सिरपांपेक्षा बरा. सर्दी भरात असताना किंवा कान दुखत असताना करायचं नाही. वाढदिवसाचा फुगा तोंडाने फुगवणं म्हणजे हे नव्हे.

मध्येच डॉक्टरांकडे धाव कधी?

कान जोरात ठणकतोय आणि ताप आहे, कानातून पू किंवा रक्त येतंय, कानामागे सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसतोय, चेहरा एका बाजूला वाकडा झालाय, चालताना तोल जातोय, ऐकणं एकाएकी गेलंय: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. कानातून सतत घाण वास येणारा स्राव असेल तर तेही लांबवू नका. मोठ्या मुलात पाणी सतत एकाच कानात असेल, तर नाकामागची जागा दुर्बिणीने बघून घ्यायला सांगा.

पायरी ७: तीन महिन्यांनी

पुन्हा टिम्पॅनोमेट्री, आणि पाणी टिकून असेल तर ऐकण्याची रीतसर तपासणी. चार वर्षांपुढचं मूल हेडफोन लावून "आवाज आला की बटण दाब" हे करू शकतं. त्याहून लहान मुलांना आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायला लावतात. अगदी लहान बाळांसाठी मुलाने काही न करता होणाऱ्या ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (आवाजाला मेंदूपर्यंतच्या नसांचा प्रतिसाद मोजणारी) या तपासण्या आहेत. पाणी असेल तर ओएई नापास येऊ शकते, त्यावरून मूल कायमचं बहिरं असं समजू नका.

खिशाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम लक्षात ठेवा. २०१३ मध्ये तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं. कान आणि श्रवणदोष त्यांच्या यादीत आहेत, पुढच्या तपासणीसाठी ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारून ठेवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही श्रवण आणि वाणीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही तपासणी होते.

दोन्ही कानांत तीन महिन्यांहून जास्त पाणी आणि ऐकणंही कमी, तर डॉक्टर ग्रोमेटचा विषय काढतील. पूर्ण भूल देऊन पडद्याला बारीक छेद देतात, पाणी ओढून काढतात आणि इवलीशी नळी बसवतात. ती युस्टेशियन नळीचं काम बाहेरून करते, हवा आत जात राहते. सहसा सहा ते अठरा महिन्यांत ग्रोमेट आपोआप बाहेर पडतं आणि भोक बुजतं. चार वर्षांपुढच्या मुलात त्याबरोबर किंवा त्याऐवजी ॲडेनॉइड काढण्याचाही विचार होतो. चार वर्षांखाली, नाक चोंदणं किंवा घोरणं असं वेगळं कारण नसेल तर, नुसत्या पाण्यासाठी ॲडेनॉइड काढायला सुचवलं तर "का?" हे जरूर विचारा. ऐकणं ठीक असेल आणि पडद्याला धोका नसेल, तर आणखी तीन ते सहा महिने लक्ष ठेवत थांबणं हाही पर्याय असतो.

ग्रोमेट असताना आंघोळीला कापूस नि व्हॅसलीनचा बंदोबस्त सरसकट लागत नाही, वरवर पोहायलाही हरकत नसते. खोल बुडी मारणं किंवा साबणाचं पाणी कानात जाणं टाळा. कानातून स्राव आला तर तोंडावाटे औषधाआधी थेंबांनी उपचार होतात, म्हणून जुन्या चिठ्ठीवरचं प्रतिजैविक स्वतःहून सुरू करू नका. शिंका चालू असतील तर नाकाचा स्प्रे ग्रोमेटनंतरही चालूच राहतो, तो कधी थांबवायचा हे नाक बघून ठरतं. ग्रोमेट पडल्यावर काही मुलांच्या कानात पाणी परत येतं, तेव्हा पडलं असं कळल्यावर महिन्या-दीड महिन्यात एकदा टिम्पॅनोमेट्री करून घ्या आणि तो कागद पहिल्या कागदाशेजारी लावा.